वाचकांचे प्रश्न: आफ्रिकेतील समाजकार्याचा वर्ग कोणाचा?

प्रश्न: मी समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात आहे. आफ्रिकेतील विद्यापीठांत समाजकार्य शिक्षणाचे निर्वसाहतीकरण (वसाहतकाळातील चौकटीतून सुटका) आणि देशीकरण (स्थानिक जीवनाशी जोडणे) व्हावे, अशी मागणी होत असल्याचे ऐकले. म्हणजे पाश्चात्त्य पुस्तके बाजूला ठेवायची, एवढेच का? गरिबी, आजार, व्यसन हे प्रश्न तर सगळीकडे सारखेच असतात ना? (एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर: प्रश्न सारखे असतील, पण ते कोणाचे मानले गेले, हे आधी पाहायला हवे. दक्षिण आफ्रिकेत समाजकार्याच्या शिक्षणाला बळ मिळाले ते अमेरिकेतील कार्नेगी संस्थेच्या पैशातून १९२९ ते १९३२ या काळात झालेल्या चौकशीमुळे, आणि त्या चौकशीचा विषय होता गोऱ्यांमधली गरिबी. देशातील बहुसंख्य कृष्णवर्णीयांचे दारिद्र्य तिच्या कक्षेतच नव्हते. तिथल्याच स्टेलनबॉश विद्यापीठात १९३० च्या दशकात समाजशास्त्र आणि समाजकार्य शिकवणारे हेन्ड्रिक फरवूर्ट पुढे १९५८ मध्ये पंतप्रधान झाले आणि वर्णभेदी राजवटीचे प्रमुख शिल्पकार ठरले. समाजकार्याचा प्राध्यापक आणि वर्णभेदाचा शिल्पकार ही एकच व्यक्ती होती, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते, कारण चांगुलपणाचे शिक्षण देणारा विषय आपोआप चांगल्या बाजूला उभा राहतो, असा आपला समज असतो.

कृष्णवर्णीयांसाठी योहान्सबर्गमध्ये यान हॉफमायर समाजकार्य विद्यालय १९४१ मध्ये उघडले आणि अमेरिकी मिशनरी रे फिलिप्स त्याचे प्रमुख होते. विनी मंडेला तिथेच शिकल्या आणि १९५५ मध्ये बाराग्वनाथ रुग्णालयात पहिल्या कृष्णवर्णीय वैद्यकीय समाजकार्यकर्त्या म्हणून रुजू झाल्या. योहान्सबर्गमधल्या अलेक्झांड्रा या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील बालमृत्यूंची पाहणी करताना आपली राजकीय जाण घडली, असे त्यांनी पुढे सांगितले. एकेका कुटुंबाला मदत करण्याची शिकवण घेऊन ती वस्ती पाहणाऱ्या तरुणीला दिसत होते ते मात्र कायद्याने लादलेले दारिद्र्य.

आयात केलेल्या अभ्यासक्रमाबद्दलची तक्रार नवी नाही. १९७१ मध्ये अदिस अबाबा येथे आफ्रिकेतील समाजकार्य शिक्षणाची संघटना स्थापन झाली, तेव्हापासून तेथील शिक्षक स्थानिक अध्यापन साहित्यासाठी झटत आले आहेत. २०१५ मध्ये केप टाउन विद्यापीठातील ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सचा पुतळा विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर हटवला गेला आणि जुनी मागणी नव्या जोमाने पुढे आली.

आता वर्गात नेमके काय बदलायचे? व्यक्ती सहाय्य कार्याच्या, म्हणजे एकेका व्यक्तीला मदत करण्याच्या, पाठात एक खोली असते, एक अशील (मदत मागायला आलेली व्यक्ती) असतो, ठरलेली वेळ आणि गोपनीयतेची हमी असते. झिम्बाब्वेतील शोना भाषक कुटुंबात मात्र नवरा-बायकोचा बेबनाव झाला की आधी 'तेते'ला, म्हणजे आत्याला, बोलावतात. तिला बाहेर ठेवून केलेली गोपनीयता तिथे परकेपणाची वाटू शकते, आणि आत्या ज्या कुटुंबात हवी तिथे ती कधी नको, हे ओळखणे हाच खरा अभ्यास आहे.

झिम्बाब्वेची राजधानी हरारे येथील म्बारे वस्तीतले उदाहरण पाहा. मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये तिथल्या १४ आज्यांना बाकावर बसून लोकांची मनोव्यथा ऐकण्याचे प्रशिक्षण दिले. आधी त्या उपक्रमाच्या नावात 'मानसिक आरोग्य' होते, त्यामुळे कोणी बाकाजवळ फिरकेना. आज्यांनीच नाव बदलायला लावले आणि तो 'मैत्रीचा बाक' झाला. दवाखान्याच्या आवारातील लाकडी बाकावर आजी शेजारी बसते आणि नैराश्याऐवजी 'कुफुंगिसिसा' हा शोना शब्द वापरते. विचार करकरून डोके शिणून जाणे, असा त्याचा अर्थ आपल्याला सहज कळतो. हे काम मनोविकारशास्त्राच्या अंगाने उभे राहिले असले, तरी समाजकार्याच्या वर्गाने यातून पुष्कळ शिकावे, कारण इथे लोकांची भाषा ही उपचाराची भाषा झाली आणि तरीही परिणाम तपासून पाहिले गेले.

मात्र जुने ते सगळे पवित्र मानणे हे देशीकरण नव्हे. नवरा गेल्यावर बाईला त्याच्या भावाच्या घरी वारशाप्रमाणे देणारी 'कुगारा न्हाका' हीसुद्धा शोना परंपराच आहे. 'उबुंटू', म्हणजे माणूस माणसांमुळे माणूस होतो, हे तत्त्व केवळ प्रास्ताविकाच्या प्रकरणात छापून बाकी अभ्यासक्रम तसाच ठेवणे, हे तर मला देशीकरणाचे सर्वांत सोपे आणि सर्वांत निष्फळ रूप वाटते. पाश्चात्त्य पुस्तके राहू द्यावीत, पण पहिले प्रकरण म्बारेतून यावे आणि क्षेत्रकार्याचा अहवाल शोनात लिहिला तरी पूर्ण गुण मिळावेत.

प्रश्न: याचा आपल्याशी काही संबंध आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: थेट आहे. मुंबईतील नागपाड्यात १९३६ मध्ये सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाचे, म्हणजे आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे, पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे होते. रे फिलिप्स यांना आफ्रिकेत पाठवणारे अमेरिकन बोर्ड, ही मिशनरी संस्था, हेच त्या मिशनचेही पालक. त्यामुळे योहान्सबर्गच्या वर्गाविषयी विचारलेला प्रश्न नागपाड्याच्या वर्गालाही विचारता येतो.