तुम्ही विचारलंत: वडिलांना शुगर निघाल्यावर तीन वर्षांत बीपी, किडनीचा त्रास. शेजारच्या काकांना वीस वर्षं शुगर, बाकी काहीच नाही. असं का?

परळला माझं औषधांचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. डॉक्टर नाही मी, पण कुणाच्या चिठ्ठीवर दुसरी-तिसरी गोळी कधी चढते ते काउंटरवरून बरोबर दिसतं.

तुमच्या वडिलांना शुगर तीन वर्षांपूर्वी 'निघाली'. झाली कधी, हे कुणाला ठाऊक? टाइप २ डायबेटिस कित्येक वर्षं गुपचूप अंगात असतो. शेजारच्या काकांचा ऑफिसच्या तपासणीत लवकर सापडला असेल. म्हणजे तुमचं गणितच बहुतेक चुकतंय.

मग सुरुवातीची वर्षं. ब्रिटनच्या यूकेपीडीएस या डायबेटिसवरच्या अभ्यासात ज्यांची शुगर निदानानंतर लगेच काबूत आणली, त्यांना अभ्यास संपून दहा वर्षं झाली तरी फायदा दिसत होता. आपल्याकडे नेमकी हीच वर्षं 'बघू, कारल्याचा रस चालू आहे' यात जातात.

बीपीचं तर विचारूच नका. एक मावशी येतात, घरकाम करतात. महिनाअखेर, म्हणून "चारच कापून द्या." कात्री लावता लावता विचारलं, रोज एक घेता ना? "छे, डोकं दुखलं की घेते." अहो, बीपी दुखत नाही! ते जाणवेपर्यंत किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान होऊन गेलेलं असतं. वर दाताला मशेरी. पण मावशींना काय बोलणार? २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्कॉटलंडच्या साडेसतरा लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास आला. सगळ्यात गरीब वस्त्यांत एकाहून जास्त जुनाट आजार श्रीमंत वस्त्यांपेक्षा १० ते १५ वर्षं आधी जमले होते. तिथे तर डॉक्टरला फी द्यावी लागत नाही.

झोपेचंही आहे. लंडनच्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल अभ्यासात, पन्नाशीत पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत पहिल्या आजारानंतर पुढचा जडायचा धोका सात तास झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के जास्त निघाला. कर्जतहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या गिऱ्हाइकाला हे सांगायला माझी जीभ रेटत नाही.

आणि काकांना 'काहीच नाही' हे ठरवलं कुणी? लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि डोळ्यांचा पडदा शेवटचा कधी तपासला, विचारा. किडनी थकली की रक्तात साचणारं क्रिएटिनिन वाढण्याच्या बरंच आधी लघवीत अल्ब्युमिन दिसू लागतं, आणि तोवर माणूस ठणठणीतच असतो.