सिझरची तारीख ठरली, पण नंतरच्या सहा आठवड्यांचं काय?

"मॅडम, सिझर आधीच ठरलंय. कळा नाहीत, धावपळ नाही. मग आठवडाभरात मी उठून कामाला लागेन ना? आणि नाही लागले, तर माझ्यातच काही कमी आहे असं समजायचं का?"

हे मृणालने विचारलं. नाव बदललं आहे, अनुभव तिच्या परवानगीने लिहिते आहे. पण हा प्रश्न एकट्या तिचा नाही. नाशिकमध्ये गरोदर आणि बाळंत झालेल्या बायकांशी बोलताना ठरवून केलेल्या सिझरबद्दल दोन टोकांचं ऐकायला मिळतं. कुणी म्हणतं, त्यात काय, तासाभराचं काम. कुणी म्हणतं, एकदा पोटाला कात्री लागली की बाई कायमची कामातून गेली. दोन्हींचा भार शेवटी बाळंतिणीवरच येतो.

मृणाल 29 वर्षांची, पहिलटकरीण. अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. बाळ पायाळू होतं. 36 आठवडे उलटले तरी डोकं खाली आलं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी 39 आठवडे पूर्ण झाल्यावरची, जानेवारीतली तारीख दिली होती. सासर सिडकोत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नवरा सातपूरला कंपनीत, पाळीची नोकरी. माहेर निफाड तालुक्यात, द्राक्षबागायतदार. पहिलं बाळंतपण माहेरी हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. पण जानेवारी म्हणजे तिकडे द्राक्षं उतरायला लागायचे दिवस, आणि थंडी अशी की पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात.

मधेच सासऱ्यांनी मुहूर्त काढून आणला, तो दहा दिवस आधीचा. डॉक्टरांनी नकार दिला आणि मीही त्यांना स्पष्ट सांगितलं की हे करू नका. वैद्यकीय कारण नसताना 39 आठवड्यांच्या आधी ठरवून सिझर केलं, तर बाळाला श्वासाचा त्रास होऊन काचेत ठेवायची वेळ येण्याची शक्यता वाढते. 39 आठवड्यांनंतरचा दिवस बघा, डॉक्टरांना विचारा, हे त्यांना पटलं.

आता मृणालचा प्रश्न. ठरवून केलेल्या सिझरमध्ये बाई आदल्या रात्रभर कळा देऊन थकलेली नसते, त्यामुळे घाईत कराव्या लागलेल्या सिझरपेक्षा सावरणं सहसा सोपं जातं, हे खरं. पण छेद तितकाच असतो. कातडी, चरबी, स्नायूंवरचं आवरण, मग गर्भाशय, असं थराथराने आत जावं लागतं आणि तसंच शिवत बाहेर यावं लागतं. त्यावर पुन्हा ती बाळंतीण असते. अंगावरून जाणं, पान्हा, रात्रीची जागरणं, काहीच चुकत नाही. हे मोठं ऑपरेशन आहे, साधारण सहा आठवडे धरा, आणि त्यातले पहिले तीन दिवस सर्वांत जड, एवढं मी तिला सरळ सांगून टाकलं. आकडा ऐकून तिचा चेहरा पडेल असं वाटलं होतं. उलट ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, आता घरी सांगता येईल."

तिला सगळ्यांत जास्त भीती होती भूल देण्यासाठी कमरेत देतात त्या इंजेक्शनची. जावेने सांगितलं होतं, त्या सुईने जन्माची कंबर धरते. सुई टोचलेल्या जागी काही दिवस दुखतं, पण कायमच्या कंबरदुखीला ती सुई कारण असते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. गरोदरपणात बदललेली चाल, ढिले पडलेले सांधे आणि नंतर वाकून वाकून बाळाला पाजणं, कंबर यांनी धरते. त्या इंजेक्शननंतर खरं लक्ष ठेवायचं ते डोकेदुखीवर. बसलं-उभं राहिलं की जोरात दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, अशी डोकेदुखी असेल तर डॉक्टरांना लगेच सांगायचं. त्यावर उपचार आहेत.

दवाखान्यातले दिवस कसे जातात तेही तिला सांगितलं. सकाळी उपाशीपोटी जायचं. भूल दिल्यावर पाय जड होतात. ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवतं, पण दुखत नाही. नंतर हुडहुडी भरते, अंगाला खाज येते. बहुतेक वेळा ती भुलीचीच असते, घाबरायचं नाही. लघवीची नळी साधारण दुसऱ्या दिवशी काढतात आणि मग उठून उभं राहायला सांगतात. तो क्षण कठीण असतो. टाके तुटतील असं वाटतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. तरी उठायचं, कारण पडून राहिलं तर पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो आणि पोटातला गॅसही हलत नाही. सरळ उठून बसायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, मग कोपरावर आणि हातावर जोर देऊन बसायचं. खोकला, शिंक, हसू आलं की टाक्यांवर उशी दाबून धरायची. हे मी तिच्याकडून खुर्ची-सतरंजीवर करून घेतलं, तेही नवऱ्यासमोर, कारण पहिल्यांदा उठताना हात त्याचाच लागणार होता.

दुखण्याच्या गोळीबद्दल बायका फार अंगावर काढतात. दुधातून बाळाला जाईल म्हणून घेत नाहीत. डॉक्टर बाळंतिणीला देतात त्या नेहमीच्या गोळ्या, पॅरासिटामॉलसारख्या, दुधात अगदी थोड्या उतरतात. त्या वेळेवर घ्याव्यात. दुखणं असह्य होईपर्यंत थांबलं तर ना उठवत, ना बाळाला नीट पाजता येत, आणि मग "सिझरवालीला दूधच नाही" हे ऐकावं लागतं.

यापुढचं बोलणं सगळ्यांत लांबलं, आणि माझ्या मते मृणालच्या सावरण्यात त्याचाच वाटा मोठा होता. मी नवरा, आई आणि सासूबाई, तिघांना एकत्र बोलावलं. एक कागद घेतला आणि सहा आठवडे आडवे मांडले. रात्री बाळाचे लंगोट कोण बदलणार? बादली कोण उचलणार? स्वयंपाक, धुणं, गॅसची टाकी, दवाखान्याची फेरी? बाळाच्या वजनापेक्षा जड काही मृणालने सहा आठवडे उचलायचं नाही, एवढी एकच अट घातली, आणि तेवढ्याने कागद भराभर भरला. आई म्हणाल्या, "पहिले पंधरा दिवस मी आहेच, मग मात्र बाग उतरते, मला दिवसभर मळ्यात राहावं लागेल." सासूबाई म्हणाल्या, "मग तेव्हा मी येते." नवऱ्याने पहिल्या आठवड्याची सगळी रजा टाकून ठेवली होती. खासगी कंपनीत बापाला अशी रजा द्यावी असा कायदा आपल्याकडे नाही, तेव्हा त्याच्याजवळ शिल्लक होती तेवढीच. मी त्याला म्हटलं, ऑपरेशनला चार दिवस घ्या आणि बाकीची तिसऱ्या आठवड्यासाठी ठेवा. पहिल्या आठवड्यात माणसांची कमी नसते. तिसऱ्या आठवड्यात पाहुणे गेलेले असतात, बाळंतीण हिंडती-फिरती दिसते आणि सगळे आपापल्या कामाला लागलेले असतात. हे तो त्या दिवशी मान डोलावून ऐकून घेऊन गेला.

माहेर की सासर यावर मी कौल दिला नाही. दुसरा मजला अडचणीचा नाही. सावकाश, कठडा धरून, दिवसातून एखादी फेरी चालते. रात्री हाकेला कोण येईल आणि संडास-न्हाणीघर किती लांब आहे, ते बघा म्हटलं. ते माहेरी गेले. न्हाणीघर घरातच होतं.

माहेरच्या थंडीत शेगडीचा विषय निघणारच होता. बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी, दारं-खिडक्या बंद, हे मी कुणाच्या भावना न दुखावता पण स्पष्ट थांबवलं. बंद खोलीत जळत्या कोळशाचा विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, कळतसुद्धा नाही. ऊब हवी तर जाड पांघरूण, टोपरं, मोजे आणि बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरणं. गरम पाण्याची पिशवी पाठीला चालेल, टाक्यांवर मुळीच नको. मालिशवाल्या बाई हातापायांना, पाठीला तेल लावू देत. पोटाला मात्र जखम पूर्ण भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत हात लावायचा नाही. पोटपट्टा चालताना आधार देतो म्हणून सैलसर बांधावा. पोट आत जावं म्हणून आवळू नये.

खाण्याचं तर प्रत्येक घराचं वेगळं. मृणालच्या आईने डिंकाचे आणि अळिवाचे लाडू करून ठेवले होते. लाडू खुशाल खावेत. पण "भात-वरणाने टाके पिकतात" आणि "पाणी कमी पी" या दोन गोष्टी मी सोडायला सांगितल्या. टाके पिकतात ते जंतूंनी. भात त्याला जबाबदार नाही. आणि तुपातले लाडू खाऊन पाणी कमी प्यायलं की शौचाला कुंथावं लागतं, तो ताण थेट टाक्यांवर येतो. पाणी, पालेभाज्या, पेरू-पपई, आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या.

बाळ झालं, मुलगी. चौथ्या दिवशी सकाळी मृणालचा फोन आला, ती हुंदके देत होती. कारण विचारलं तर म्हणाली, काहीच नाही. मग हळूहळू कळलं. दूध अजून भरून आलं नव्हतं, भेटायला येणारी प्रत्येक बाई आधी "नॉर्मल की सिझर?" विचारत होती, आणि एक आत्याबाई "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं" म्हणून गेल्या होत्या. तिला म्हटलं, तिसऱ्या-चौथ्या दिवसाचं हे रडू फार बायकांना येतं. संप्रेरकं झपाट्याने उतरतात, झोप नसते, आणि साधारण दोन आठवड्यांत ते ओसरतं. ओसरलं नाही, बाळाकडे बघावंसं वाटेना, झोप मिळूनही झोप येईना, जगणं नकोसं वाटलं, तर मात्र थांबायचं नाही. मला, डॉक्टरांना किंवा 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, मोफत क्रमांकावर फोन करायचा. दुधाचं म्हणाल तर कळा सुरू न होता केलेल्या सिझरनंतर पान्हा कधी कधी दिवसभर उशिरा फुटतो. तोवर चीक पुरतो. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा बाळाला लावत राहायचं, कुशीवर पडून किंवा बाळाला काखेत धरून, म्हणजे पोटावर भार येत नाही. वरचं दूध द्यायचं की नाही ते बाळाचं वजन आणि लघवी बघून डॉक्टर ठरवतील, पाहुण्यांनी ठरवू नये. आत्याबाईंना उत्तर सासूबाईंनी परस्पर दिलं होतं, हे मला नंतर कळलं. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याचा फोन आला. मृणालला बरं वाटत होतं म्हणून तिने बाळाचे कपडे धुतले, बादली उचलून दोरीपर्यंत नेली. संध्याकाळी टाक्यांच्या एका टोकाला ओढ लागली, आणि फिकट झालेलं अंगावरचं पुन्हा लाल जायला लागलं. घाबरून तो विचारत होता, टाके उसवले का? डॉक्टरांना दाखवलं, जखम चांगली होती. काम जास्त झालं की असं होतं. शरीर थांब म्हणून सांगतं, आणि विश्रांती घेतली की एक-दोन दिवसांत कमी होतं. बाळंतिणीला बरं वाटायला लागतं तेव्हाच ती स्वतः आणि घरचे दोघंही सैल पडतात. नवऱ्याने राखून ठेवलेली रजा दुसऱ्याच दिवशी टाकली.

थांबून बघायचं नाही अशी लक्षणंही त्या कागदाच्या मागे लिहून दिली होती, ती इथेही देते. ताप 100.4 किंवा जास्त. टाक्यांभोवती लाली, सूज, पू, घाण वास. तासाभरात अख्खं पॅड भिजणं किंवा मोठ्या गाठी पडणं. एकाच पोटरीत दुखणं आणि सूज. धाप लागणं, छातीत दुखणं. डोकं जोरात दुखून डोळ्यांपुढे अंधुक दिसणं. लघवीला जळजळ. यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

सहा आठवड्यांनी ती तपासणीनंतर भेटायला आली. टाक्यांच्या वर हात लावला तर बधिर लागतं, म्हणाली. छेदात बारीक नसा कापल्या जातात, ती जागा काही महिने, कधी त्याहून जास्त बधिर राहते, धोका नाही. स्कूटर कधी चालवू? अचानक ब्रेक दाबून पाय टेकता येतो आणि पोटात कळ येत नाही, असं झाल्यावर, डॉक्टरांना विचारून. नवरा-बायकोचे संबंधही तसेच, अंगावरून जाणं थांबल्यावर आणि तिला स्वतःला वाटेल तेव्हा. पण गर्भनिरोधक आधी ठरवा, कारण पाळी न येताही दिवस जाऊ शकतात.

शेवटी तिने विचारलं, दुसरं बाळ नॉर्मल होईल का? होऊ शकतं. पहिलं सिझर बाळ पायाळू असल्यामुळे झालं असेल आणि गर्भाशयावरचा छेद खालच्या भागात आडवा असेल, तर बऱ्याच जणींना ती संधी असते. मधे दीड-दोन वर्षांचं अंतर हवं आणि बाळंतपण तातडीने ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात हवं. बाहेरचा टाका आडवा दिसला म्हणून आतलाही तसाच असेल असं नाही, तो ऑपरेशनच्या नोंदीतच कळतो. तिने फाईल उघडून डिस्चार्ज कार्ड दाखवलं, त्यात ती नोंद नव्हती. दवाखान्यातून ती लिहून घ्यायला मी तिला त्याच दिवशी परत पाठवलं.