आधी करार, मग नमुने

"नमुने आता पाठवा, करार नंतर बघू" ही तुमच्या पोस्टमधली ओळ वाचली आणि लगेच उत्तर लिहायला घेतलं. कोकणातल्या शेतमजुरांच्या रक्ताचे नमुने जर्मन विद्यापीठाला हवेत, तिथले प्राध्यापक सज्जन आहेत, मग घाबरायचं कशाला, असं तुम्ही विचारलंय. आमच्या अभ्यासातले परदेशी प्राध्यापकही सज्जनच होते, आणि कामही तुमच्यासारखंच लेप्टोचं, म्हणजे पावसाळ्यात शेतात होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचं. एथिक्स कमिटी, आयसीएमआरची परवानगी हे तुम्ही केलंच असेल, ते सोडून बोलते.

प्राध्यापक शब्द देतात, पण करार त्यांच्या विद्यापीठाचं कार्यालय करतं. आम्हाला नडलं ते हेच कार्यालय. नाव घेत नाही. नमुने या एकाच अभ्यासासाठी वापरू, असं पत्र त्यांनी दिलं होतं. पुढे तिथला माणूस बदलला आणि नव्या अधिकाऱ्यांनी कळवलं, ते पत्र बंधनकारक नाही, उरलेले नमुने आता विद्यापीठाच्या संग्रहात जमा. काहीही विचारा, उत्तरात तोच छापील मजकूर. दुसरा शोधनिबंध निघाल्याचं आम्हाला इंटरनेटवरून समजलं. त्यात आमचं नाव नसल्याचं दुःख गिळता येतं हो. पण लावणी सोडून रक्त द्यायला आलेल्या बायका विचारत होत्या, "आमच्या रक्तात काय निघालं?" त्यांना सांगायला आमच्याकडे काही नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात त्याच गावांनी आशाताईंना दारातूनच परत पाठवलं.

देशांचंही असंच होतं. इंडोनेशिया बर्ड फ्लूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगशाळांना देत होता. त्याच विषाणूवरून एक ऑस्ट्रेलियन कंपनी लस बनवतेय हे कळल्यावर आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी नमुने रोखले. २००७ साली त्यांच्यावर भरपूर टीका झाली. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. त्या भांडणातूनच जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची चौकट आली: या नमुन्यांचा फायदा घेणाऱ्या लसकंपन्यांनी साथीच्या वेळी उत्पादनातला वाटा द्यायचा. याच संघटनेच्या मे २०२५ च्या महासाथ करारात उत्पादनातल्या २० टक्क्यांचं लक्ष्य आहे, त्यातले किमान १० टक्के दान. नमुन्यांच्या देवाणघेवाणीचं परिशिष्ट मात्र पुढच्या वाटाघाटींवर सोडलं. तिथेही "नंतर बघू"!

आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. गरीब देशांना कोविडची लस पोहोचवणाऱ्या कोव्हॅक्स योजनेची मोठी भिस्त पुण्याच्या सीरमवर होती. मार्च २०२१ मध्ये आपण निर्यात रोखली आणि आफ्रिकेत पहिला डोस घेतलेले लोक दुसऱ्यासाठी अडकले. इथली दुसरी लाट भीषण होती, मान्य. तरी त्यांचा विश्वास आपण गमावला, हे बोललं पाहिजे.

मी वकील नाही, मसुदा जाणकाराला दाखवाच. पण माझं ठाम मत सांगते: नमुन्यांची मालकी तुमच्या संस्थेची, दुसऱ्या कामाला नव्याने लेखी परवानगी, उरलेले नमुने परत किंवा नष्ट, आणि गावात निकाल कोण, कधी सांगणार हे करारातच लिहा. नमुन्यांपासून पुढे जे काही तयार होईल ते कोणाचं, हे कलम दोनदा वाचा. त्यांचं कार्यालय "आमचा ठरलेला छापील करार आहे, बदलता येत नाही" म्हणेल. बदलतो. प्राध्यापकांनाच त्यांच्या कार्यालयाशी भांडायला लावा.

आणखी एक, ड्राय आइसचं पार्सल शुक्रवारी पाठवू नका. शनिवार-रविवार कस्टममध्ये अडकलं तर बर्फ उडून जातो.

मसुदा आला की नावं झाकून इथे टाका, वाचून सांगते.