बंद कारखान्याला नवे काम

प्रश्न : सोलापुरात आमचा चादरींचा कारखाना बंद पडून आहे. तो न पाडता चित्रकार, विणकर आणि शिल्पकारांना एकत्र काम करण्यासाठी देता येईल का?

उत्तर : अवश्य देता येईल, आणि तो पाडू नका, ही कळकळीची विनंती. छप्पर करवतीच्या दातांसारखे असेल, तर उत्तरेकडच्या काचांतून थेट ऊन न येता दिवसभर एकसारखा उजेड मिळतो. मागावर तुटलेला धागा शोधण्यासाठी योजलेला हा उजेड चित्रकारालाही तितकाच उपयोगी पडतो. छपरावरचे पावसाचे पाणीही वाया घालवू नका : 1000 चौरस फुटांच्या छपरावर 500 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 46 हजार लिटर पाणी, आणि सोलापुरात ते साठवायलाच हवे. मात्र छपराचे पत्रे अॅस्बेस्टॉसचे असल्यास त्यांना स्वतः छिद्रे पाडू नका, कारण त्यांचे तंतू फुप्फुसांना घातक असतात. वापर बदलण्याची परवानगी आधी घ्या. एक माग चालू ठेवून जुन्या कामगाराला तिथे शिकवायला बोलवा.