होडी घेताना काय बघता?

"मॅडम, कुठली फ्लाइंग स्कूल चांगली?" हा प्रश्न घेऊन समुपदेशकाकडे कोणी का यावं, असं मलाही आधी वाटायचं. आता रत्नागिरीतल्या माझ्या खोलीत वर्षाकाठी पाच-सहा घरं तरी तो घेऊन येतात. राजापूरहून, गुहागरहून, एकदा तर थेट मालवणहून. मुलाच्या मोबाइलमध्ये शाळांची यादी, आईच्या पर्समध्ये हॉटेलातल्या सेमिनारची रंगीत पत्रकं आणि बापाच्या डोळ्यांपुढे कलमांच्या बागेचा सातबारा.

गेल्या साली आलेली मुलगी खारवी घरातली. (नाव देत नाही, तपशीलही थोडे बदललेत.) बारावी सायन्स, गणित आणि फिजिक्स पक्कं. वडिलांची स्वतःची मच्छीमार होडी, तांडेलही (म्हणजे होडीचा कप्तान) तेच. मुलीने 19 शाळांचा तक्ता केला होता आणि सहा महिने त्यात नुसते रकाने वाढवत होती. झोप उडालेली, जेवण तुटलेलं.

"मग अडलंय कुठे?"

"निर्णय चुकताच कामा नये, मॅडम."

"चुकू नये, की चुकताच कामा नये?"

"दोन्ही एकच ना?"

"मधला 'च' काढून म्हणून बघ."

तिने म्हणून बघितलं आणि गप्प झाली. ही माझी जुनी खोड. समोरचा बोलत असतो आणि मी त्याच्या वाक्यातले 'च' मोजत असते. निर्णय बरोबर यावा असं वाटतं तोवर माणूस चौकशी करतो. तो बरोबरच यायला हवा म्हटलं की चौकशी कितीही केली तरी पुरत नाही, कारण खात्री तक्त्यात सापडणारी वस्तूच नाही. पहिल्या भेटीत मीही तिच्याबरोबर तो तक्ता वाचत बसले होते, हे कबूल करते. एक तास वाया.

'च'च्या मागे काय होतं ते दुसऱ्या भेटीत कळलं. शेजारच्या गावातला एक मुलगा. एका शाळेत सगळी फी एकरकमी भरली, तिथे एकेक विमान दुरुस्तीला उभं राहिलं, आठ महिन्यांत जेमतेम 30 तास उड्डाण. कर्जाचं व्याज मात्र चालू. गावात म्हणतात, "उडायला गेला न् बापाला बुडवून आला." हे वाक्य ती रोज रात्री ऐकत होती.

तिसऱ्या भेटीला वडिलांना बोलावलं. ते खुर्चीच्या कडेला बसले.

"मी दहावी नापास, मॅडम. मला त्यातलं काय कळतंय? बाय सांगेल तिथं भरतो पैसे."

त्यांना वाटत होतं की आपण मुलीला मोकळीक दिली. मुलीच्या पदरात पडली होती एकटीची जबाबदारी. ती खाली बघत होती. मी विषय बदलला. खरं तर बदलला नाही, पण त्यांना तसं वाटू दिलं.

"दादा, दुसऱ्याची जुनी होडी घेताना काय बघता?"

माणूस खुर्चीत मागे सरकून बसला. पुढची वीस मिनिटं मला बोलावं लागलं नाही. रंग बघायचा नाही, रंग विकणाऱ्याने कालच मारलेला असतो. चार दिवस आधी बंदरात जाऊन बसायचं. मालकाला नाय, खलाशांना विचारायचं: सीझनमध्ये होडी किती दिवस धक्क्याला पडून होती? इंजिनाचं काम कोण करतो, सुटा भाग आणायला किती दिवस लागतात? आणि नवी बांधायची असली तर पैसे टप्प्याटप्प्याने. तळ बसला की एक हप्ता, फळ्या लागल्या की दुसरा. सगळे आधी दिले तर सुतार दिसत नाय.

मुलीने केव्हातरी वही उघडली होती.

"बाबा, म्हणजे विमानं किती आहेत हे विचारायचंच नाही. चालू किती ते विचारायचं."

"आणि तांडेल किती?"

"इन्स्ट्रक्टर."

"तेच. पंधरा होड्या न् तांडेल चार, तर बाकीच्या धक्क्यालाच ना?"

मग तिने त्यांना सांगितलं की व्यावसायिक परवान्याला 200 तास उड्डाण लागतं, त्यातले 100 तास विमानाची सूत्रं स्वतःच्या हातात, आणि एक फेरी 300 सागरी मैलांची, वाटेत दुसऱ्या दोन विमानतळांवर उतरून.

"सागरी मैल? आकाशात?"

"हो. वेगही होड्यांसारखा नॉटमध्येच मोजतात."

"मग आमचाच धंदा की हा!" ते माझ्याकडे बघून म्हणाले. दहावी नापास माणूस त्या खोलीतला सगळ्यात जाणता झाला होता, आणि मुलीचे खांदे खाली आले होते. त्या संध्याकाळी मी स्वतःवर थोडी खूश होते.

त्यानंतर आम्ही जे ठरवलं ते प्रत्येक घराला सांगते. शाळेआधी मेडिकल. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) मान्यताप्राप्त डॉक्टरकडून आधी क्लास टू तपासणी, मग व्यावसायिक परवान्याला लागणारी क्लास वन, आणि तोवर कुठेही रुपया भरायचा नाही. फी भरल्यावर रंगांधत्व कळलेला एक मुलगा माझ्याकडे आला होता; त्याच्याशी काय बोलावं ते मला बराच वेळ सुचलं नाही. मग लेखी पेपर: नेव्हिगेशन, हवामान, नियम, टेक्निकल. पास व्हायला 70 टक्के. त्यांचा अभ्यास घरी बसून होतो आणि आवड खरी की सेमिनारमधली, हेही त्यात कळतं.

पैशांचा हिशोब परवान्यापाशी थांबवू नका. साधारण पन्नास लाख तिथवर जातात. पुढे ए-320 किंवा 737 चं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक मोठं विमान चालवायचं प्रशिक्षण, त्याचे आणखी पंधरा-वीस लाख, आणि नोकरी लागेपर्यंतचे महिने. बाग गहाण टाकायची तर हा सगळा आकडा समोर ठेवून.

शाळेत गेल्यावर प्लेसमेंटचे फोटो बघू नका, मागच्या बॅचच्या मुलांची लॉगबुकं, म्हणजे उड्डाणाच्या तासांच्या नोंदवह्या, मागा. महिन्याला 12 तास मिळत असतील तर 200 तासांना दीड वर्ष जवळजवळ, 25 मिळाले तर आठ महिने. ऋतूही विचारा. उत्तरेत थंडीचं धुकं, आपल्याकडे पाऊस. बारामतीलाही फ्लाइंग स्कूल आहे, पण बारामती पर्जन्यछायेत, तिथलं आभाळ आणि कोकणातलं आभाळ एक नव्हे. परदेशात तास लवकर भरतात, पण आल्यावर परवाना इथला करून घ्यायला पेपर आणि वेळ लागतोच. डीजीसीएने 2025 पासून शाळांना श्रेणी द्यायला सुरुवात केली. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा नव्हती. यादी बघा, पण ती बघून घरी बसू नका. फी परत मिळण्याची अट लेखी नसेल तर उठून या.

बापलेक दोघं तीन शाळा बघून आले. एका ठिकाणी मुलगी ऑफिसात माहिती घेत होती, तेवढ्यात वडील बाहेर चहाच्या टपरीवर मेकॅनिक मुलांशी गप्पा मारून आले. "सहा उभी, त्यातली दोन उडतात," एवढंच म्हणाले. ती शाळा यादीतून गेली. ज्या शाळेत तिने प्रवेश घेतला तिचं नाव मी सांगत नाही, कारण नाव ऐकून लोक थेट पैसे भरायला जातात. तिथेही ती पूर्ण खात्री घेऊन गेली नाही. फी मात्र चार टप्प्यांत आहे.

जुलैत ती आठवडाभर घरी आली होती. ढग खाली, उड्डाण बंद. लॉगबुकात 62 तास. मासेमारी 1 जूनपासून बंद, होडी किनाऱ्यावर शाकारून ठेवलेली. वडिलांचा फोन आला, "दोघांचाही धंदा बंद आहे, मॅडम. मी 1 ऑगस्टला बाहेर पडेन. बाय म्हणते, तिचं आभाळावर आहे."