‘फॅन्टॅस्टिक व्हॉयेज’ (1966) मधलं विज्ञान कितपत खरं आहे? आज तो चित्रपट बघावा का?

बघाच. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, दिवसभर डोळा सूक्ष्मदर्शकाला लावलेला असतो. त्यामुळे या चित्रपटावर माझा जरा जास्तच जीव आहे आणि त्याच्याशी माझं भांडणही आहे. (पुढे शेवट फोडला आहे, आधीच सांगते.)

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: शीतयुद्धाचा काळ. पलीकडच्या गोटातून अमेरिकेत आलेल्या शास्त्रज्ञावर हल्ला होतो आणि त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी होते. बाहेरून शस्त्रक्रिया करणं शक्य नाही. मग ‘प्रोटिअस’ नावाची पाणबुडी आतल्या पाच माणसांसकट सूक्ष्मजीवाएवढी करून त्याच्या मानेतल्या धमनीत सुईने सोडतात. 60 मिनिटांत लेझरने गुठळी फोडून बाहेर यायचं, नाहीतर सगळे पुन्हा मोठे व्हायला लागणार.

माणूस लहान करणं ही शुद्ध थाप आहे. अणू कमी केले तर विचार करणारा मेंदूच उरत नाही, आणि सगळे अणू आहेत तेवढेच ठेवून दाबले तर अख्ख्या पाणबुडीचं वजन त्या सुईत राहतं. त्यात पुन्हा पाणबुडीच जर सूक्ष्मजीवाएवढी, तर आतल्या माणसाच्या डोळ्याची बाहुली प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान होणार. म्हणजे एवढा खर्च करून आत गेलेल्यांना तिथलं काहीच दिसू नये! वाटेत हवा संपते म्हणून ते फुप्फुसातून हवा भरून घेतात. ती हवा नेहमीच्या आकाराची, ओढणारी फुप्फुसं इवलीशी. असो.

पण त्यांचा मार्ग बघा. धमनीतून थेट मेंदूकडे जायचं ठरलेलं असतं. वाटेत धमनी आणि शीर एकमेकींना जोडल्या गेलेल्या असतात, म्हणजे फिस्टुला. धमनीतला दाब जास्त, शिरेतला कमी, म्हणून पाणबुडी शिरेत खेचली जाते. शिरेतून रक्त जातं कुठे? हृदयाच्या उजव्या बाजूला. तिथले धक्के तिला सोसणार नाहीत म्हणून बाहेरचे डॉक्टर थोडा वेळ हृदयच थांबवतात. तिथून पुढे फुप्फुस. इथवर शरीरशास्त्राच्या पुस्तकातली आकृती समोर ठेवून कथा लिहिली असावी असं वाटतं. फुप्फुसातून लसिकावाहिन्यांमार्गे (पेशींभोवतीचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) कानात पोचण्याचा भाग ओढूनताणून आणलेला आहे, पण कानातला प्रसंग इतका छान जमलाय की मी तक्रार करत नाही. जरासा आवाज झाला तरी कानातली पाणबुडी हादरणार, म्हणून सगळ्या शस्त्रक्रियागृहाने श्वास रोखलेला, आणि नर्सच्या हातून कात्री पडते.

माझं भांडण रक्ताशी आहे. पडद्यावर ते पातळ, स्वच्छ द्रव दिसतं, त्यात इकडेतिकडे तरंगणारे गोळे. प्रत्यक्षात रक्ताच्या आकारमानापैकी साधारण 40 ते 45 टक्के तांबड्या पेशीच असतात. एका घन मिलिमीटरमध्ये 50 लाखांच्या आसपास. स्लाइडवर थेंब पातळ पसरला नाही तर पेशी एकमेकींवर चढतात आणि काही मोजता येत नाही. त्या गर्दीत पाणबुडीच्या काचेतून दिसल्या असत्या त्या फक्त चिकटून उभ्या असलेल्या पेशींच्या भिंती, सायंकाळच्या विरार लोकलमध्ये दाराशी उभं राहून फलाट शोधावा तसं. आणखी एक: फुप्फुसात निळ्या पेशी ऑक्सिजन घेऊन लाल होतात असं दाखवलंय. प्रसंग देखणा आहे, पण ऑक्सिजन कमी असलेलं रक्त गडद लाल असतं, निळं नाही. शिरेतून काढलेल्या रक्ताची सिरिंज ज्याने पाहिली आहे त्याला हे माहीत आहे.

शेवटाची गंमत मात्र विज्ञानकथा लेखक आयझॅक अॅसिमॉव्ह यांच्यामुळे कळते. पटकथेवरून कादंबरी लिहायचं काम त्यांच्याकडे आलं. चित्रपटात पांढरी पेशी पाणबुडी गिळते, उरलेले चौघे डोळ्यातल्या अश्रूतून बाहेर पडतात आणि सगळं आनंदीआनंद. अहो, पण पाणबुडी आतच राहिली ना! तीही मोठी होणारच की. अॅसिमॉव्हनी ही चूक दाखवून दिली आणि कादंबरीत त्या पांढऱ्या पेशीलाच मागोमाग बाहेर आणवलं. पुस्तक चित्रपटाच्या आधी बाजारात आल्यामुळे चित्रपट पुस्तकावरून बेतलाय असं अनेकांना अजून वाटतं.

‘असं कधी शक्य होईल का?’ असंही तुम्ही विचारलंय. मेंदूतली गुठळी रक्तवाहिनीतून जाऊन काढणं तर आज होतंच. बहुतेक वेळा जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर मेंदूपर्यंत नेतात आणि डॉक्टर बाहेर एक्स-रेच्या पडद्यावर बघत गुठळी ओढून काढतात. लेझर नाही, पाणबुडी नाही. घड्याळाशी शर्यत मात्र तशीच.

बघताना एक करा: सुरुवातीचा संथ भाग पळवू नका. लहान करण्याची प्रक्रिया टप्प्याटप्प्याने, कंटाळवाण्या सरकारी शिस्तीत दाखवली आहे. पाणबुडी रक्तात शिरेपर्यंत लिओनार्ड रोझेनमन यांचं संगीत जवळजवळ नाहीच, नुसते यंत्रांचे आवाज. शक्यतो हेडफोन लावून बघा.