मुलाला शाळेने सस्पेंड केलंय, आता काय करू?

काकू नमस्कार, आम्ही न्यू जर्सीला असतो, मुलगा सातवीत आहे, इथल्याच पब्लिक स्कूलमध्ये. आई उन्हाळ्यात पुण्याहून आली होती तेव्हा त्याच्या सततच्या सर्दीसाठी कोथरूडच्या डॉक्टरांकडून होमिओपॅथीच्या गोळ्या घेऊन आली. त्याने ती बाटली दप्तरात ठेवली आणि लंचला दोन मित्रांना चार-चार गोळ्या दिल्या, गोड लागतात म्हणून. कोणीतरी टीचरला सांगितलं. मला ऑफिसात फोन आला, मी धावत गेले, सॉरी सॉरी म्हटलं, पुढे केलेल्या कागदावर सही केली आणि त्याला घेऊन आले. तीन दिवस सस्पेन्शन. नवरा म्हणतो आता विषय वाढवू नको. आई तिकडे रडतेय की माझ्यामुळे झालं. पुढे कॉलेजला अडेल का? आमचं ग्रीन कार्डचं काम चालू आहे त्याचं काय? मी फार घाबरलेय.

अगं, आधी आईला फोन कर. तुझी सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ, ती जागीच असेल. तिला सांग की यात तिची काही चूक नाही. इथे पुण्यात ज्या ज्या घरातलं कोणी अमेरिकेला निघतं त्यांच्या बॅगेत भाजणी, मेतकूट आणि गोळ्या असतातच, आणि नातवाला सर्दी होते म्हटल्यावर आजी औषध आणणारच. तिने डोक्याला लावून घेतलं तर तिचं बीपी वाढेल आणि तुला तिकडे दुसरी काळजी लागेल.

आता मुलाचं. तू एवढं सगळं लिहिलंस पण तो काय म्हणाला ते एका ओळीतही नाहीये. त्याला विचारलंस का? नसेल तर आज रात्री जेवण झाल्यावर शांतपणे बस त्याच्याजवळ आणि सुरुवातीपासून सांगायला लाव, मध्ये बोलू नकोस. कोणी मागितल्या का यानेच दिल्या, देताना काय म्हणाला, मग त्याला कोणत्या खोलीत नेलं, कोण कोण होतं, काय विचारलं, त्याच्याकडून काही लिहून घेतलं का. सगळं तारीख-वेळ घालून लिहून ठेव. चार दिवसांनी मुलांना नीट आठवत नाही, आणि मोठ्यांनी रागावून विचारलं की ती आपल्याला ऐकायचं असतं तेच सांगतात.

मी पुण्यातल्या शाळेत आयुष्यभर शिकवलंय, त्यामुळे आपल्या पालकांची सवय मला पाठ आहे. शाळेतून बोलावणं आलं की आईवडील आत शिरतानाच हात जोडतात, बाईंसमोर मुलाला दोन शब्द सुनावतात, आणि प्रकरण मिटतं. इथे ते चालायचं कारण सगळं तोंडी असायचं. वर्गाबाहेर उभं केलं, डायरीत शेरा मारला, हेडबाईंनी झापलं, पुढच्या आठवड्यात कोणाच्या लक्षातही नाही. तिथे तसं नाहीये. तिथे प्रत्येक गोष्टीचा कागद होतो आणि कागदावर जे लिहिलंय तेच खरं धरलं जातं, म्हणून तू भरभरून सॉरी म्हणालीस त्याचं मला वाईट वाटलं नाही पण न वाचता सही केलीस त्याची काळजी वाटली. सही 'मला कळवलं' एवढ्यापुरती होती का 'मला मान्य आहे' अशी होती हे आधी बघ. कॉपी नसेल तर उद्याच माग.

तुला एक गोष्ट माहीत असायला हवी, आणि खरं तर मूल तिथल्या शाळेत घालणाऱ्या प्रत्येक आईबापाला माहीत असायला हवी. १९७५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गॉस विरुद्ध लोपेझ या केसमध्ये निकाल दिला. ओहायोतल्या कोलंबसमधल्या मुलांना काहीच ऐकून न घेता सस्पेंड केलं होतं. कोर्ट म्हणालं की शिक्षण हा मुलाचा हक्क आहे आणि सरकारी शाळेला तो असा काढून घेता येणार नाही. दहा दिवसांपर्यंतचं सस्पेन्शन असलं तरी मुलाला आरोप काय ते सांगायचं, त्याने नाकारलं तर तुमच्याकडे पुरावा काय ते सांगायचं, आणि त्याची बाजू ऐकायची. हे साधारणपणे घरी पाठवायच्या आधी व्हायला पाहिजे, फक्त मुलामुळे कोणाला धोका असेल तर आधी पाठवून मग लवकरात लवकर ऐकता येतं. यात वकील वगैरे नसतो, केबिनमध्ये पाच मिनिटांचं बोलणंही पुरतं, पण ते झालंच पाहिजे. दहा दिवसांच्या वर गेलं तर मात्र रीतसर सुनावणी असते आणि त्याचे नियम राज्याराज्यात वेगळे. प्रायव्हेट शाळेला हा निकाल लागू नाही, तिथे शाळेशी तुमचं जे अॅग्रीमेंट असेल ते.

म्हणजे मुलाकडून जे लिहून काढशील त्यात हे बघायचं की त्याला कोणी विचारलं का, की तुझं काय म्हणणं आहे.

तुझ्या केसमध्ये माझं मत स्पष्ट सांगते. तीन दिवस तर होऊन जातील, त्यासाठी भांडण्यात अर्थ नाही. पण कागदावर गुन्हा काय लिहिलाय, त्यासाठी मात्र नक्की बोल. बऱ्याच डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळांच्या, कोड ऑफ कंडक्टमध्ये (वागणुकीच्या नियमावलीत) ड्रग्जच्या कलमात ड्रगसारखी दिसणारी वस्तूसुद्धा येते. आता तू ती बाटली डोळ्यासमोर आण, बोटाएवढी, आत साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गोळ्या, वर औषधाचं नाव नाही, फक्त पेनने ४-४-४ लिहिलेलं. आपल्याला बघताक्षणी कळतं, तिथल्या माणसाला काय कळणार? त्याने घाबरून वरच्या कलमात टाकलं असेल तर मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण 'ड्रग वाटले' आणि 'परवानगी नसलेलं औषध शाळेत आणलं' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि पुढे दुसरं काही झालं तर कोणी गोळ्या बघायला येणार नाही, ते कलम बघतील.

तेव्हा प्रिन्सिपलना मेल कर. फोन नको, मेलच. सुरुवातीला एक ओळ की नियम मोडला हे आम्हाला मान्य आहे आणि मुलाला समजावलंय. मग विचार की कोड ऑफ कंडक्टच्या नेमक्या कोणत्या कलमाखाली कारवाई झाली ते लेखी द्या. डॉक्टरांकडून गोळ्यांचं नाव आणि त्यात काय आहे याचं लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घे, ते काम आईला दे, तिलाही काहीतरी केल्यासारखं वाटेल. ते जोड आणि लिही की नोंद त्याप्रमाणे दुरुस्त व्हावी. आणि या तीन दिवसांचा अभ्यास, टेस्ट कशा भरून काढायच्या तेही त्याच मेलमध्ये विचार. त्यांनी नाही म्हटलं तर डिस्ट्रिक्टकडे वर कसं जायचं ते कोडमध्येच दिलेलं असतं, शाळेच्या वेबसाइटवर शोध.

रेकॉर्ड बघायचा तुला कायद्याने हक्क आहे. फर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे, त्याप्रमाणे लेखी मागितल्यावर शाळेने ४५ दिवसांच्या आत मुलाची फाइल दाखवायला हवी. त्यात चुकीची माहिती असेल तर दुरुस्ती मागता येते, त्यांनी नाकारली तर सुनावणी मागता येते, आणि तिथेही नाही झालं तर आपलं म्हणणं त्या फाइलला जोडून ठेवता येतं. फक्त या कायद्याने सस्पेन्शनचा निर्णय फिरवता येत नाही हे लक्षात ठेव, माहिती दुरुस्त होते एवढंच.

शाळा एवढ्याशा गोष्टीवर एवढी का भडकते असं इथल्या आजी-आजोबांना वाटतं म्हणून थोडं सांगते. १९९४ मध्ये तिथे गन-फ्री स्कूल्स अॅक्ट आला, शाळेत बंदूक आणली तर किमान एक वर्ष काढून टाकायचं, अपवाद करायचा तर अधिकाऱ्याने केस बघून करायचा. त्याच सुमाराला झिरो टॉलरन्सची पद्धत पसरली आणि ती चाकू, औषधं, भांडणं, सगळ्यालाच लागायला लागली, मनात काय होतं हे बघायचंच नाही, वस्तू सापडली का एवढंच. ही पद्धत मला पटत नाही. बारा वर्षांच्या मुलाने मित्राला गोड गोळी दिली आणि बारा वर्षांच्या मुलाने खरंच ड्रग विकलं यात फरक करता येत नसेल तर ती शिस्त कसली? अॅरिझोनात २००३ मध्ये एका तेरा वर्षांच्या मुलीची आयबुप्रोफेनच्या गोळ्या शोधायला कपडे काढायला लावून झडती घेतली होती. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही झडती घटनाविरोधी होती. कशासाठी, तर डोकेदुखीच्या गोळ्या!

हळूहळू बदलतंय पण सगळीकडे सारखं नाही. कॅलिफोर्नियात टीचरचं ऐकलं नाही, वर्गात अडथळा आणला एवढ्यासाठी आता बारावीपर्यंत कुठल्याच मुलाला शाळेला सस्पेंड करता येत नाही, मोठ्या मुलांना हे जुलै २०२४ पासून लागू झालं. उलट काही दक्षिणेकडच्या राज्यांत शाळेत मारायला कायद्याने अजून परवानगी आहे, १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते राज्यांवर सोडलं. टेक्सासात राहणाऱ्यांनी आपल्या डिस्ट्रिक्टचा नियम बघा, तिथे पालकांनी सही करून लेखी दिलं तर त्यांच्या मुलाला मारता येत नाही. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेत मारायला बंदी आहे, आणि तिथे गेल्यावर हे असं असू शकतं हे लोकांना खरंच वाटत नाही.

आता कॉलेज. कॉमन अॅप म्हणजे एकाच फॉर्मवर बऱ्याच कॉलेजांना अर्ज करायची सोय, त्यांनी त्यांच्या फॉर्ममधून शाळेतल्या शिस्तभंगाचा प्रश्न २०२१-२२ पासून काढून टाकलाय, काही कॉलेजं स्वतःहून विचारतात, पण तो जुना प्रश्नसुद्धा नववीपासूनच्या वर्षांचा होता. सातवीतल्या तीन दिवसांसाठी झोप घालवू नकोस.

ग्रीन कार्डचं, तर शाळेचं सस्पेन्शन म्हणजे गुन्हा नाही, कोर्टाची शिक्षा नाही. पण पोलिसांनी काही कागद दिला असेल किंवा जुव्हेनाइल कोर्टाचं, म्हणजे अल्पवयीन मुलांच्या कोर्टाचं, नाव निघालं असेल, तर मात्र काहीही कबूल करायच्या आधी तुमच्या इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, त्यात कंजूसपणा नको. पुष्कळ शाळांमध्ये पोलिस नेमलेला असतो आणि मुलांना तो शाळेचाच माणूस वाटतो. टीचर विचारतात आणि पोलिस विचारतो यात फरक असतो. मुलांना एवढं शिकवून ठेवा की पोलिस विचारायला लागले तर उर्मटपणा न करता म्हणायचं, मला आधी आईबाबांशी बोलायचंय, आणि मग गप्प बसायचं.

नवरा विषय वाढवू नको म्हणतो त्याला सांग की आपण विषय वाढवत नाहीयोत, कागद नीट करून घेतोय. आणि या तीन दिवसांत मुलावर हात उगारू नका, दोघांनीही. मारणं वाईट हे तर आहेच, पण तिथे मुलाच्या अंगावर वळ दिसला तर टीचरला वरती कळवावंच लागतं, तो कायदा आहे, मग ते वेगळंच प्रकरण सुरू होतं. दिवसभर टोमणेही नकोत. अभ्यास करू दे, स्वयंपाकात मदत घे, संध्याकाळी फिरायला ने. शिक्षा शाळेने दिलीये, ती एकदाच पुरे.

तुझ्या निमित्ताने दोन गोष्टी बाकीच्यांसाठी. एक, घरातलं बोलणं. आपली मुलं भावंडांत 'थांब, तुला मारूनच टाकतो' म्हणतात आणि आपण लक्षही देत नाही, पण तेच वाक्य इंग्रजीत वर्गात किंवा मित्रांच्या ग्रुप चॅटवर गेलं की धमकी होते आणि शाळा ती गंभीरपणेच घेणार. आणि डब्यात सफरचंद कापायला छोटी सुरी अजिबात नको, कापूनच द्या.

दुसरी जास्त महत्त्वाची. ज्यांच्या मुलाला आयईपी किंवा ५०४ प्लॅन आहे, म्हणजे शिकण्यात काही अडचण किंवा अपंगत्व असलेल्या मुलासाठी शाळेने लेखी करून दिलेली खास मदतीची योजना, त्याला दहा दिवसांच्या वर बाहेर ठेवायचं ठरलं, तर शाळेला दहा शालेय दिवसांच्या आत मीटिंग घेऊन बघावं लागतं की ते वागणं त्याच्या अडचणीमुळे झालं का. तसं असेल तर नेहमीच्या शिक्षेसारखं त्याला बाहेर ठेवता येत नाही, शस्त्र, ड्रग्ज आणि गंभीर इजा याला अपवाद आहेत. पण आपल्यात काय होतं, मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असेल असं टीचर सुचवतात आणि आपण म्हणतो छे, तो फक्त व्रात्य आहे, उगाच शिक्का नको, पुण्याला कळलं तर नातेवाईक काय म्हणतील. आणि मग त्याच पोराला दर महिन्याला डिटेन्शन, सस्पेन्शन. कृपा करून असं करू नका. शाळेला लेखी कळवा की आम्हाला शंका आहे, तपासणी करा. लेखी कळवल्याची तारीख असेल तर प्लॅन तयार व्हायच्या आधीही काही झालं तरी आयडिया नावाच्या, अशा मुलांच्या शिक्षणासाठीच्या कायद्याचं हे संरक्षण मागता येतं. नातेवाईकांना काय सांगायचं ते नंतर बघू.

आणि घरात मुलांचं बघणारे आजी-आजोबा किंवा आईबाबा यांना इंग्रजी जड जात असेल तर शाळेकडे मराठी दुभाषा मागा, फोनवरही मिळतो, १९६४ च्या सिव्हिल राइट्स अॅक्टखाली शाळेवर ती जबाबदारी आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याच मुलाला दुभाषा म्हणून बसवू नका.

तुझा मुलगा परत जाईल त्या दिवशी बहुतेक तुला बोलावतील. काउन्सेलरला भेट, आणि ज्या दोन मुलांना गोळ्या दिल्या त्यांच्या आयांना आधीच एक साधा मेसेज कर, गोळ्या कसल्या होत्या ते सांग, त्यांनाही धास्ती असेल. नर्सकडून औषधाचा फॉर्म घेऊन ठेव. साधारणपणे मूळ पॅकिंगमधलं, लेबल असलेलं आणि तिथल्या डॉक्टरांची सही असलेलं औषधच त्या शाळेत ठेवून घेतात, म्हणजे आजीची बाटली काही चालणार नाही. ती घरीच ठेव, सकाळी जाताना आणि रात्री झोपताना दे, दुपारची वेळ चुकली तर चालेल का ते कोथरूडच्या डॉक्टरांना विचार.